खोकल्याच्या बाटल्यांची बिलं

विठू,

मी दुपारच्या बसने पेणला जाते आहे. भात आणि वालाचं बिरडं झाकून ठेवलंय. शिफ्टवरून आलास की गरम करून घे.

तुझी औषधांची बिलं शेजारच्या हैबतरावांना दाखवली. तुमच्या कंपनीत बिलं तेच तपासतात ना! ते म्हणाले, "वहिनी, बाम आन् ग्लुकोज डॉक्टरने लिहून दिलं तरी कंपनी देत नाय. खोकल्याचं औषध, तापाच्या गोळ्या मिळतात, पण डॉक्टरची चिठ्ठी पायजे. नुसतं दुकानाचं बिल चालत नाय."

तू म्हणालास, पेणचे डॉक्टर घरोब्यातले आहेत, त्यांच्याकडून मागच्या तारखांची चिठ्ठी आण. म्हणून बिलं तारखेप्रमाणे लावायला बसले, तर दोन महिन्यांत खोकल्याच्या नऊ बाटल्या निघाल्या. घरात मला एकच दिसली होती.

तुझे बाबा सरकारी दवाखान्यातून गुलाबी औषध आणायचे. बाटलीला डोसांच्या खुणांची कागदी पट्टी असायची. "साधा खोकला हाय गो," म्हणायचे, आणि मी त्या खुणा बघत बसायचे. छातीचा फोटो काढला तेव्हा फार उशीर झाला होता.

मागच्या तारखांची चिठ्ठी मी मागणार नाही. उद्या सकाळचा तुझा नंबर लावून येते. बिलं सोबत नेली आहेत, आजच डॉक्टरांना दाखवते. म्हणजे उद्या त्यांच्यासमोर "दोनच दिवस झाले" असं तुला सांगता येणार नाही.

आई