दादा, तू काढलेली ती एक ओळ

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, खरं सांगते. पण गेलेल्या माणसाला नुसतं ‘दादा’ म्हणून हाक मारली तर आईला वाईट वाटेल, म्हणून लिहिलं. तुझी तेरवी झाली, पावसाळा गेला, आता थंडी पडलीय. इतक्या दिवसांत तुझ्यासाठी दोन शब्द लिहावेसे वाटले नाहीत. आज लिहितेय, कारण काल वहिनी आली होती. दारव्ह्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरला तुझ्या त्या फोटो उतरवायच्या पेट्या पाहिजेत. त्या मी पुन्हा बनवून द्याव्यात, असं तिचं म्हणणं.

‘यायच्या पेट्या’ म्हणाली ती, म्हणजे तुझ्या. तेरवीलाही सगळे तेच म्हणत होते. आर्णीसारख्या गावात बसून त्यानं एकट्यानं मशीन बनवली, असं एकजण माइक हातात घेऊन बोलला. मी पंगतीत वरण वाढत होते. एकट्यानं! ऐकत होतास का रे कुठून?

पेटी कशी सुरू झाली ते आठवतं? तू कुठूनतरी बाहेरून जोडायच्या डिस्कांचे स्वस्त डबे उचलून आणलेस. फोटो स्टुडिओवाल्यांना विकायचं तुझ्या डोक्यात होतं. कॅमेऱ्याचं कार्ड घातलं की लग्नाचं सगळं शूटिंग आपोआप डिस्कवर उतरलं पाहिजे. डबे आले आणि एकही धड चालेना. कॉपी निम्म्यावर आली की डिस्क गायब! कॉम्प्युटरला विचारावं तर तो म्हणे, अशी काही वस्तू जोडलेलीच नाही. तू डोकं धरून बसलास. मी म्हटलं, याला आपला स्वतःचा ड्रायव्हर लिहावा लागेल. कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यामधला दुभाषा असतो तो. तुझ्या डिस्कची भाषा अडाणी आहे, तर दुभाषा आपल्या घरचा हवा.

तो मी लिहिला. दुकानाच्या मागच्या खोलीत, पंख्याखाली, डिस्क काय बोलते आणि काय गिळते ते एकेक करून पाहत. चूक झाली की सगळा कॉम्प्युटरच बंद पडायचा, पुन्हा पहिल्यापासून. ज्या दिवशी एक अख्खं लग्न न तुटता उतरलं, त्या दिवशी तू आलुबोंडे आणलेस आणि म्हणालास, “ज्योते, तू तं कमालच केली बाप्पा!” मला खूप आनंद झाला होता. तो आनंद खोटा होता असं मी आजही म्हणत नाही.

पण त्यात एक ओळ होती. ती मीच तुला बोट ठेवून दाखवली होती. डिस्कला सवय असते, की दिलेलं आधी आपल्या तात्पुरत्या खिशात ठेवायचं आणि ‘झालं’ म्हणून सांगून मोकळं व्हायचं. खरं लिहिणं मग सावकाश. मधेच विजेची लाइन गेली की खिशातलं सगळं गेलं. म्हणून माझी ओळ डिस्कला सांगायची, खिसा रिकामा कर, सगळं लिही, लिहून झालं की कळव. ती कळवेपर्यंत पेटीवरचा हिरवा दिवा लागायचा नाही. तू जिनिंगमध्ये नोकरी केलेली, तुला मी त्याच भाषेत सांगितलं होतं. कापसाची गाडी फाटकातून आत गेली म्हणजे काटा झाला का, वजन नोंदलं गेलं का? तू हसून मान हलवलीस. समजलं होतं तुला. न समजण्याइतका तू भोळा कधीच नव्हतास.

आर्णीत स्टुडिओवाल्यांची बैठक होती. दुसऱ्या एकाची पेटी आपल्यापेक्षा पटकन कॉपी करते म्हणून तू बेचैन होतास. माझ्याकडे येऊन म्हणालास, ते थांबणं काढून टाक. मी नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं. मग तू आपल्या हातानं ती ओळ काढलीस आणि मला सांगितलंही नाहीस. बैठकीत पेटी सुसाट पळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील. मला त्या दिवशी तू घरी पापड लाटायला बसवलं होतंस, आईच्या मदतीला.

पुढचं तुला माहीत आहे, तरी सांगते. कुणीतरी ते एकदा तोंडावर सांगायला हवं होतं. घाटंजीचे स्टुडिओवाले गजूभाऊ एका लग्नाचं शूटिंग उतरवत होते. हिरवा दिवा लागला. त्यांनी विश्वासानं कार्ड पुसलं, कारण त्याच कार्डावर वरातीचं घ्यायचं होतं. तेवढ्यात लाइन गेली. आली तेव्हा डिस्कवर मंगलाष्टकं नाहीत, अक्षता नाहीत, नवरीचं तोंड नाही. नवरीच्या बापानं मांडवातच गजूभाऊंची गचांडी धरली.

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ आपल्या दुकानात आले. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी मागच्या खोलीतून बाहेर आले, कारण कोड उघडून मला तोपर्यंत कळलं होतं, की ती ओळ तिथे नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तू म्हणालास, “कोड हिचाच हाय भाऊ. मी तं विकनारा मानूस. मले त्यातलं काय समजते?”

दादा, काय समजते? खरंच?

गजूभाऊ म्हणाले, बाईच्या भरोशावर एवढं मोठं काम घेतलं, चूक आमचीच. मी तोंड उघडलं नाही. चारचौघांत भावाला खोटं पाडायचं नाही, हे आपल्या घरात शिकवलेलं. घरी आल्यावर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, जाऊ दे, भाऊ आहे. त्यानंतर जिल्ह्यातल्या एकाही माणसानं मला काम दिलं नाही. मी शाळेत पोरांना टायपिंग शिकवते, ते तुला ठाऊकच होतं. लाइन गेली तरी थोडा वेळ चालावी म्हणून तू पेटीला वरून बॅटरी बसवलीस आणि विकत राहिलास. ओळ मात्र परत घातली नाहीस. घातली असतीस तर पेटी हळू झाली असती ना!

दर भाऊबीजेला मी तुला ओवाळलं. दर वेळी वाटायचं, आज बोलेल. तू ताटाकडे बघायचास, साडी ठेवायचास आणि शेंगदाण्याची चटणी कशी झाली ते विचारायचास. किती संधी दिल्या रे तुला!

तर काल वहिनी. अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो दोघी. ती म्हणाली, यायनं जशी ठेवली तशीच पेटी देऊ, काही बदलवू नका ताई, आठवण आहे त्यायची. डॉक्टरची शिबिरं खेड्यापाड्यांत, जनरेटरवर. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांचे आतले फोटो त्या डिस्कवर जायचे. ते गेले, तर तो माणूस पुन्हा मजुरी बुडवून येईल का? मी सगळं सांगून टाकलं. ओळ कुणाची, काढली कुणी, दुकानात कोण काय बोललं. मला वाटलं, आता ही चिडेल, रडेल, शेंगा टाकून उठून जाईल.

ती सोलतच राहिली. म्हणाली, “मले माहीत हाय ताई. यायनं त्याच दिवशी सांगतलं होतं. जेवता जेवता रडले, ताट तसंच ठेवलं.”

“मंग त्यानं मले काहून नाई सांगतलं?”

“मी म्हनलं होतं, जा, सांगा. तं म्हने, ज्योती समजून घेते.”

दादा, आतापर्यंत मला वाटायचं, तुझ्या मनाला काही लागलंच नसेल. ते परवडलं असतं. दगड असतो एखादा माणूस, काय करणार! पण तू रडलास. वहिनीपुढे रडलास आणि माझ्यापुढे साडी ठेवलीस. तुला पश्चात्ताप झाला, तो तू घरात जिरवलास, आणि बदनामी माझ्याकडे ठेवलीस. समजून घेते म्हणे! कोणी सांगितलं तुला? मी समजून घेतलं नाही. एका दिवसासाठीही नाही. एकदा येऊन विचारलं असतंस तर कदाचित घेतलंही असतं, आणि याचाच जास्त राग येतो.

आता ऐक. डॉक्टरच्या पेट्या मी बनवणार. ड्रायव्हर नव्यानं लिहिणार, ओळ जागेवर घालणार. पेटी हळू चालेल. ज्याला घाई असेल त्यानं दुसरी घ्यावी. तुझ्या पोरांसमोर तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढणार नाही, ते वचन देते. आणि गुरुवारी मी घाटंजीला जाणार आहे, गजूभाऊंच्या स्टुडिओत, गिऱ्हाइकं असतील त्या वेळी. वहिनी म्हणाली, “मी येतो संगं, मीच बोलतो.” मी म्हटलं, नको, तू नुसती बाजूला उभी राहा. दादाला जे जमलं नाही, ते मला माझ्या तोंडानं बोलू दे.

तुझी बहीण,
ज्योती