केलर्स मिल तलावात बास मासे आहेत, याबाबत

प्रति,
मा. मुख्य मत्स्य अधिकारी,
कुसाटी खोरे तलाव मंडळ,
अलाबामा.

विषय : केलर्स मिल तलावाचा तळदरवाजा बंद करण्याबाबत, ते शक्य नसल्यास मासे हलवण्यासाठी टँकर पाठवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची ‘निकृष्ट’ श्रेणीची सूचना आणि माझे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

बुधवार, २४ सप्टेंबर रोजी सकाळी सात वाजता आपल्या मंडळाच्या दोन कर्मचाऱ्यांनी केलर्स मिल तलावाच्या बांधाचा तळदरवाजा उघडला. तेव्हापासून पाणी उतरत आहे.

मी या तलावाच्या धक्क्यावर गळाला लावायच्या आमिषाचे दुकान चालवते. त्याआधी परगण्याच्या दैनिकात वार्ताहर होते. त्यामुळे पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहिण्याची सवय आहे, आणि या अर्जातही ती पाळली आहे.

१. बांधाच्या दुरुस्तीचा निधी खोऱ्यातील एकाच तलावाला मिळणार होता. तो होल्कम तलावाला मिळाला, कारण बास मासेमारीत त्याची श्रेणी ‘उत्कृष्ट’ आणि आमची ‘निकृष्ट’. दुरुस्ती नाही, म्हणून बांध धोक्याचा. बांध धोक्याचा, म्हणून तलाव रिकामा. या तर्कात मला चूक दिसत नाही. चूक श्रेणीत आहे.

२. श्रेणी ठरते ती घाटावरच्या विचारपूस-नोंदीवरून. आपले सर्वेक्षक श्री. डेल प्रुइट होडी काठाला लागली की विचारतात, काय मिळाले? आमच्याकडचा माणूस या प्रश्नाला खरे उत्तर देत नाही. चांगली जागा सांगितली की शनिवारी बर्मिंगहॅम शहरातल्या गाड्या येतात, हे तो बापाकडून शिकलेला असतो. बास पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याची रीत असल्याने होडीत पुरावाही नसतो. म्हणून उत्तर ठरलेले : काही नाही, दोन-चार बारकी पिल्लं. त्याला जोडून सल्लाही ठरलेला, होल्कमला जा. बर्मिंगहॅमची मंडळी होल्कमला गेली आणि परत येताना श्री. प्रुइट यांना खऱ्याच्या दुप्पट सांगत राहिली. अशा रीतीने खोऱ्यातील दोन्ही तलावांची श्रेणी ठरली.

३. तलाव कायम एकसारखा राहत नाही, हे आपणांस सांगणे धार्ष्ट्याचे होईल. तरीही लिहिते. होल्कम नवीन होता तेव्हा बुडालेल्या झाडोऱ्यात मासा खरोखरच पोसला जात होता. पुढे मंडळाने पाणवनस्पतींवर औषध मारले, लपायला जागा उरली नाही, खाद्य घटले. आता तिथला बास डोक्याने मोठा आणि अंगाने सडपातळ आहे. हे मी स्वतः पाहिले आहे. केलर्स मिलचा प्रवास उलटा झाला. जुन्या ओढ्याच्या पात्रात खोल पाणी, काठाला लिली, आणि वर्दळ नाही. आपल्या नोंदीत मात्र दोन्ही तलाव एकदा ठरले तसेच आहेत.

४. श्रेणीची आणि तलाव रिकामा होणार असल्याची सूचना घाटावर लागल्यावर लोकांनी खरे बोलायला सुरुवात केली. श्री. होबर्ट क्लेकलर, वय एक्क्याऐंशी, यांनी घाटावर सात पौंडांचा बास सोडून आल्याचे सांगितले. मी दुकानाच्या दारात होते. श्री. प्रुइट म्हणाले, “होबर्टकाका, मी नोकरीला लागल्यापासून तुम्ही मला एक मासा सांगितला नाहीत. आज एकदम सात पौंड?” त्यावर क्लेकलर म्हणाले, “मासे होतेच रे बाबा. खोटं बोलणं परवडेनासं झालं, एवढंच.” श्री. प्रुइट हसले आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘अतिशयोक्ती’ असे लिहिले. त्या आठवड्यातील सर्वांची उत्तरे आपल्या कार्यालयाने ‘पूर्वीच्या कलाशी विसंगत’ म्हणून वगळली. मागची खोटी उत्तरे कलाशी सुसंगत असल्याने कायम राहिली.

५. आम्ही छायाचित्रे पाठवली. ती परत आली. मासा कॅमेऱ्यापुढे हात लांब करून धरायची आमच्याकडची रीत आहे, त्याने तो मोठा दिसतो, त्यामुळे आकार ग्राह्य धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. हे उत्तर बरोबर आहे. हात जवळ ठेवून काढलेले एकही छायाचित्र गावात सापडले नाही.

६. मी स्वतः साक्ष देऊ केली. नियमानुसार साक्ष मासेमाराचीच ग्राह्य आहे आणि मी गळ टाकत नाही, म्हणून ती नाकारली गेली.

७. पहिल्या अर्जानंतर आपण होडी पाठवून पाण्यात सौम्य वीज सोडून, गुंगून वर आलेल्या माशांची मोजणी केली, त्याबद्दल आभारी आहे. ती ऑगस्टमध्ये भर दुपारी झाली. त्या वेळी मोठा बास खोल पात्रात असतो आणि आपली वीज तिथवर पोचत नाही. वर आली ती पिल्ले. हे मी होडीवरील कर्मचाऱ्यास सांगितले. “बाई, मला पटतं तुमचं, पण माझी पाळी पाचला संपते,” असे तो म्हणाला. वसंतात फेरमोजणी करावी, हा माझा दुसरा अर्ज होता. तो आपण तत्त्वतः मान्य केला आहे. वसंतात तलाव नसेल, याचा उल्लेख मान्यतापत्रात नाही.

८. आता निकडीचे. तलाव रिकामा करताना मासे दुसरीकडे नेण्यासाठी टँकर पाठवण्याची तरतूद आपल्याच नियमात आहे. मी गेल्या गुरुवारी दूरध्वनी केला. ‘नोंदीनुसार हलवण्याजोगे मासे या तलावात नाहीत’, सबब टँकरची मागणीच झालेली नाही, असे कळले. ज्या माशांना आम्ही इतकी वर्षे लपवले, ते सगळे आता ओढ्याच्या पात्रात एकाजवळ एक उभे आहेत आणि काठावरून दिसतात. मोजायला विजेची गरज नाही. काल क्लेकलर व इतर काहीजण पिंपांतून मासे गाडीत घालून होल्कमला घेऊन गेले. तेथील पहारेकऱ्याने त्यांना परत पाठवले. परवान्याविना मासा एका तलावातून दुसऱ्यात सोडता येत नाही. परवाना आपल्या कार्यालयातून मिळतो. पिंपांतील मासे परत येईतो मेले होते.

९. दरवाजा बंद होईल अशी आशा मी आता धरत नाही, आणि श्रेणी बदलावी ही मागणीही या अर्जात करत नाही. मागणी एवढीच की एक माणूस पाठवावा. त्याने घाटावर कोणालाही काही विचारू नये. पात्रापर्यंत चालत जावे आणि खाली पाहावे. घाटापासून आता तिथवर चिखलातून वाट पडली आहे.

१०. अद्ययावत स्थिती : आज, मंगळवारी, सकाळी सव्वासहा वाजता बांधालगत पात्रात पाणी माझ्या गुडघ्याच्या थोडे वर होते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते. बगळे उतरले आहेत. नऊ वाजता आपल्या कार्यालयात दूरध्वनी केला. श्री. प्रुइट होल्कमच्या घाटावर विचारपुशीस गेले असून टँकरबाबत निर्णय झालेला नाही, असे सांगण्यात आले.

उत्तर येईपर्यंत धक्क्यावरच असलेली,
आपली नम्र,
(सही)
व्हर्ना टिडमोर
केलर्स मिल धक्का
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

सहपत्रे : १. पात्राचे आज सकाळचे छायाचित्र (कोणीही मासा हातात धरलेला नाही).
२. टँकरच्या तरतुदीच्या नियमाची प्रत.