नुसती घंटी

अबू हमूर, दोहा
९ फेब्रुवारी, रविवार

चि. बबीता हिला सासूचे अनेक आशीर्वाद.

चि. लिहून झाल्यावर सवयीनं सौ. लिहायला हात गेला, तो मागं घेतला. रागावू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून आपल्या गावच्या अंबिकाचा नवरा इथनं सुट्टीवर गावी येतोय त्याच्या हाती हे देते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

सचिनकडं येऊन महिना झाला. लता काही काम करू देत नाही, मी लपून भाकरी थापते. घरात हिव भरतं, बाहेर ऊन, अंगावर शाल घेऊन खिडकीतनं ऊन बघत बसायचं. सचिन गाडीपाशी उभा राहून "यल्ला आई" करतो, म्हणजे चल लवकर, आता मीच त्याला यल्ला म्हणते. आर्या तर नक्षत्र झालीय. मी मराठीत भांडते, ती इंग्रजीत, दोघींना सगळं कळतं.

गुरुवारी तिच्या शाळेत कार्यक्रम होता. ती व्हायोलिन वाजवणार म्हणून मी ठेवणीतलं लुगडं नेसले. लता म्हणाली, इटली देशातल्या जुन्या सिनेमाचं संगीत आहे, त्यात शब्द नाहीत. मी म्हटलं, "शब्द नाहीत तर मला अडाणीला काय कळायचं?"

पोरीनं पहिला सूर ओढला आणि मला कळलं.

तेच गं. आपल्या धोंडीरामच्या मोबाईलमधलं. इथं कामाला असताना एशियन टाउनच्या दुकानात भरून घेतलेलं. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा तू माहेराहून फोन केलास, आणि हे वाजलं. जेवता जेवता त्याचा हात थांबला. म्हणाला, "बबीचा फोन आला की हे वाजतं, आई."
"आणि माझा आला की?"
"तुझी नुसती घंटी," म्हणाला आणि हसला.

मीही हसले होते. लताचा चहा इथं फार गोड असतो, काल सांगितलं तिला. हे मधेच काय लिहिलं. लिहायचं ते लिहवत नाही.

इथल्या मेसईदला कामावर तो वरून पडला, पेटीतून घरी आला, बरोबर त्याची बॅग. तू तो मोबाईल फोटोपाशी ठेवलास आणि तुझ्या फोनवरून त्याला लावत राहिलीस. दिवसातनं दहादा. ते वाजायचं, तू डोळे मिटून बसायचीस. घरातल्या बायका म्हणायच्या, वाजू द्या, तिचा जीव त्यात आहे. माझा जीव कशात होता, ते कुणी विचारलं नाही. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकाकडून मला नुसती घंटी.

बबीता, मोबाईल मी घेतला. अस्थींचं गाडगं बाहेर लिंबाला टांगलं होतं. फडकं सोडून राखेत खुपसला. बंद करता येईना, तसाच. तू घरभर शोधत होतीस, शोधायला फोन लावलास, आणि ते राखेच्या आतून वाजलं. मी झाडाखाली उभी राहून मोठ्यानं खोकत राहिले.

दहाव्याला सचिननं गाडगं उचललं. "एवढं जड कसं, आई?" म्हणाला. मी म्हटलं, "माणूस होता तो." त्यानं ते गोदावरीत सोडलं. त्याला अजून ठाऊक नाही.

तू विचारत राहिलीस, त्यात त्याचा आवाज आहे, निरोप आहेत. तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, तुझा भाऊ बालाजी फोटोपाशी घुटमळत होता. एवढंच म्हणाले. बाकीचं लोकांनी केलं. मेलेल्या दाजीचा मोबाईल चोरला म्हणून त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, तू निघून गेलीस. दोन वर्षं मी गप्प बसले.

गुरुवारी टाळ्या थांबल्या, आर्या धावत माझ्याकडं आली. विचारलं, "आजी, डिड यू लाइक इट?" मी तिला जवळ घेतलं. लेकरू किती छान वाजवतं गं. तुझ्यासाठी पुन्हा वाजवून घ्यावं, पाठवावं, असं मनात आलं. पण त्याचा आवाज त्यात नसणार. तो मी बुडवला.

मला माफ करू नकोस. हा कागद तेवढा लग्न मोडलेल्या त्या मुलीकडच्यांना दाखव, चावडीत वाच, बालाजीच्या हातात दे. गावी आले की त्याच्या दारात उभी राहून तोंडानंही सांगीन.

तुझी सासू असं लिहायचं धाडस नाही. कागद कुणाला खोटा वाटू नये, म्हणून पूर्ण नावानं सही करते.

हौसाबाई गोविंदराव जाधव
मोबाईल मी घेतला. बालाजीनं नाही.