पुलावरचा पहारा

१२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या लष्करी नोकरीच्या नोंदींची नक्कल एकदाची हातात पडली. नोंदणी कार्यालयातल्या बाकावर मी इतकी बसले, की तिथला शिपाई आता न सांगता माझ्या बाजूचा पंखा लावतो.

पण नक्कल वाचून डोकं फिरलं. पुलावर सुरुंग फुटला त्या दिवशी तू म्हणे बराकीत होतास, आणि तुझा डावा हात गेला तो 'दारूगोळ्याशी खेळताना, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे'. तू आणि हलगर्जी! चपलासुद्धा भिंतीला समांतर ठेवणारा माणूस तू. आप्पांना तेव्हा हेच कळवलं असणार. पोराने खेळता खेळता हात घालवला, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले आणि तुझ्याशी धड न बोलताच गेले. मला त्याचं अजून रडू येतं.

ती ओळ तुझ्या हयातीत खोडली गेली पाहिजे. डॉक्टर तुझ्या छातीबद्दल काय म्हणाले, ते तू लपवलंस तरी तुझ्या घरमालकांनी मला सांगितलंय. सोबतच्या अर्जावर सही कर. 'बघू' म्हणून उशीखाली सारू नकोस.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
ठकी

२ जुलै

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

घरमालक म्हणजे बिनपगारी बातमीदार आहे. छाती ठीक आहे, जिना तेवढा उंच झालाय.

आता खरं सांगतो. आमच्या तुकडीत एक रीत होती. आजारी माणसाचा पहारा शेजारच्या खाटेवरच्याने घ्यायचा आणि कागदाला त्रास द्यायचा नाही. त्या दिवशी पुलावर पाळी होती गवयाची. अंघोळ करताना गायचा म्हणून तो गवई. तो तापाने फणफणला होता, म्हणून मी गेलो. कागदावर मात्र पुलावर तोच राहिला, आणि मी बराकीत. पुढे तो त्याच तापात गेला. लिहिणाऱ्याने कागदावरून हिशेब जुळवला: गवई पुलावरच्या स्फोटात जागीच गेला. मग माझ्या हाताला दुसरं कारण हवं, ते त्याने शोधलं. आमचे हवालदार अजून आहेत, त्यांना सगळं ठाऊक आहे.

एवढी वर्षं गप्प बसलो ते त्याच्या बायकोसाठी. पुलाजवळच्या दगडावर गवयाचं नाव कोरलंय. वहिनी दर वर्षी तिथे जाऊन बसतात. दर थंडीत मला स्वेटर विणून पाठवतात, डावी बाही टोकाशी शिवून बंद केलेला. तरी आप्पांचं वाचून माझाही धीर सुटला. मरताना अंगावर तो शब्द नको वाटतो गं. सही केली आहे. पण फक्त माझी ओळ खोडायला सांग. गवयाच्या नोंदीला हात लावू देऊ नकोस.

जावईबापूंना नमस्कार. आठवण काढत जा.
तुझा,
दादा

१९ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेढे नाहीत, पण तोंड गोड कर! ओळ गेली. आता तिथे लिहिलंय, 'पुलावर पहाऱ्यावर असताना जखमी'. मी नक्कल घेऊन घरी आले आणि आप्पांच्या फोटोसमोर मोठ्याने वाचली.

हवालदारकाकांना आता दिसत नाही. मी साक्षीचा मजकूर वाचून दाखवला, त्यांनी अंगठा दिला आणि तू खोकतोस का ते विचारलं.

एक झालं. कार्यालयातले साहेब म्हणाले, पुलावर पहारेकरी एकच होता, तेव्हा एकाची नोंद दुरुस्त केली की दुसऱ्याचीही करावी लागते. तुझं सांगणं मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, मग अर्ज परत न्या. दादा, माझ्याने नाही परत नेववला. इतक्या वर्षांनी दगडावरचं नाव पुसायला कोण जातंय? रागावू नकोस. तुझ्या अंगावरचा डाग मला बघवत नव्हता.

औषध वेळेवर घे. ओरडायचं असेल तर ओरड, पण पत्र टाक.
तुझी,
ठकी

८ डिसेंबर

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

उशीर झाला. रागावलो होतो, आता नाही. सही माझीच होती.

नाव पुसलं गेलं. वहिनी नेहमीसारख्या गेल्या, तर त्या जागी ओला सिमेंटचा पट्टा. तिथल्या रखवालदाराने त्यांना सांगितलं की तुमचे यजमान पुलावर नव्हतेच, बराकीत तापाने गेले. त्या तशाच घरी परतल्या.

मला वाटलं, यंदा पार्सल यायचं नाही. काल आलं. राखाडी स्वेटर, डावी बाही शिवलेली, आणि आत चिठ्ठी. मला एका शब्दानेही बोललेल्या नाहीत. त्या म्हणतात, हे एका क्षणात गेले, त्यांना काही कळलंच नाही, या समजुतीवर आजवर दिवस काढले. आता कळतंय की ताप होता, म्हणजे वेळ होता. तेव्हा भाऊजी, तुम्ही शेजारच्या खाटेवर होतात, एवढंच सांगा, त्यांनी माझी आठवण काढली का?

ठकी, मला जखमी अवस्थेत आणलं तेव्हा तो अजून जिवंत होता. शेवटपर्यंत शेजारीच होता. तापात तो कुणालाच ओळखत नव्हता. रात्रंदिवस एकच विचारायचा, माझ्या जागी पुलावर कोण गेलंय. बायकोचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही.

तीनदा कागद पुढे घेतला, पुढे सरकत नाही. तुझे अर्ज चांगले असतात, साहेबसुद्धा मानतात. हे उत्तर तू लिहून दे, मी सही करतो. खरं लिहायचं की नाही, तेही या वेळी तूच ठरव.

थंडी वाढली आहे, जप.
तुझा,
दादा