यंत्रापुढचा नैवेद्य

प्रिय यू-चेन,

कारखान्याच्या दारातच तुझा फोन काढून घेतात, म्हणून हे पत्र मावशीच्या हाती आजच्या गाडीने पाठवतो आहे. आधी धीर धर. आई शुद्धीवर आहे. परवा माझूदेवीपुढे उदबत्ती लावताना ती कोसळली. इथे शिन्चूच्या रुग्णालयात डॉक्टर त्साई म्हणाले, हृदय मधेच थांबते. छातीत यंत्र बसवावे लागेल. आई म्हणाली, "नको."

माझी समजूत पटावी म्हणून डॉक्टरांनी नमुन्याचे यंत्र उघडून दाखवले. अर्धी जागा बॅटरीने व्यापलेली, आणि कडेला नखाहून लहान काळसर चकती. "काका, हा त्याचा मेंदू. तुमच्या संगणकात असाच एक मदरबोर्डच्या पाटीवर, पंख्याखाली बसतो; हा कातडीखाली बसेल." त्या चकतीत थरांवर थर, थरांत विजेची लक्षावधी दारे, प्रत्येकाला उघडणे आणि मिटणे एवढेच ठाऊक. काही दारे मिळून हिशेब करतात, काही स्मरण जपतात, एक घड्याळ सर्वांना ताल देते. धूलिकणात अनंत विश्वे सामावतात हे मी आयुष्यभर प्रवचनांत सांगत आलो, पण दृष्टान्त म्हणून! इथे तो कण डॉक्टरांनी चिमट्यात धरला होता. हृदय चालते तोवर तो केवळ साक्षी राहतो. थांबले तरच हलकेच हाक देतो.

तशाच सुन्न अवस्थेत मी खाटेपाशी परतलो. ठोके दाखवणाऱ्या यंत्रावर नारळाच्या खाऊची हिरवी पुडी ठेवलेली होती. मला तो नैवेद्यच वाटला, आणि देवापुढचा नैवेद्य आपण वाटून खातोच. मी हात जोडले, पुडी फोडली, चिमूटभर तोंडात टाकले. परिचारिका किंचाळली, "आजोबा, काय केलंत! ती यंत्राची पुडी! यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात, खातात काय?" त्याच क्षणी यंत्र कर्कश ओरडू लागले. पडद्यावरची रेघ सपाट झाली. मला वाटले, माझ्या अपराधाने यंत्र रुसले. वळून पाहतो तो आईचा चेहरा पांढराफटक. यंत्र बिघडले नव्हते ग, ते खरे बोलत होते! डॉक्टरांनी धावत येऊन छाती दाबली, तेव्हा रेघ हलली. डोळे उघडताच आई म्हणाली, "अहो, माझं काळीज बंद पडलं आणि तुम्ही खाऊ चघळताय?" पुढे तर एवढे विद्वान डॉक्टर स्वतः खाली जाऊन नवी पुडी घेऊन आले, आणि मुदतीची तारीख तपासूनच त्यांनी ती यंत्रावर ठेवली; शिळी पुडी यंत्राला चालत नाही म्हणे. घाईत लिहितो आहे. अक्षर सांभाळून घे.

एवढे होऊनही ती राजी नाही. आज सकाळी तिने कारण सांगितले. "असली चकती बनवणारी पोरं आपल्या यू-चेनसारखीच ना? उपाशी, डोळे तारवटलेली. तशा पोरीच्या हातचं मी छातीत कसं ठेवून घेऊ?" ही चकती तुमच्या कारखान्यातली नव्हे, असे मी सांगून पाहिले, तिला ते ऐकायचेच नाही. तिची अट एकच आहे: तू यावेस, तिच्यासमोर पोटभर पेज प्यावीस आणि शेजारच्या बाकावर ऊन वर येईपर्यंत झोपावेस. तू आपणहून जागी झालीस की ती सही करील. डॉक्टर म्हणतात, फार थांबता येणार नाही. रजा मिळो न मिळो, बाळ, झोपायला ये.

तुझाच,
बाबा