समोरच्या पाटावरचा भाव

मंगळवार, १६ सप्टेंबर १९४१. तुळजापूर

देवी निद्रेला गेली, यात्रा विरळ. विरळ म्हणजे माझ्या पाटापुढं विरळ! समोर पाशामियाँपुढं सोलापूरच्या मोटारीतून उतरलेली अख्खी वरात. मीही सराफ, तोही सराफ. इंग्रजी मुलखातला कलदार रुपया घ्यायचा, बदली निजामाचा हाली द्यायचा, एवढाच दोघांचा धंदा. सरकारी हिशेबानं एका कलदाराला एक रुपया दोन आणे आठ पै हाली. मी दोन आण्यांवर थांबतो, तोही थांबतो. वरच्या आठ पै आमच्या पोटाला. भाव तोच, मग गर्दी तिकडंच का? दाढीला गूळ लावून बसतो काय?

गुरुवार, १८

आज भाव फोडला. एक रुपया दोन आणे चार पै! ओरडून घसा बसला. बार्शीची एक बाई थांबली, भाव ऐकला, "बरं हाय की," म्हणाली — आणि गेली समोर! तिथं पाशामियाँ विचारतो, "माय, पाय दुखले का? बस. मोटारीत जागा मिळाली का?" एका "बस"साठी चार पैंवर पाणी सोडलं बाईनं.

मी कुणाला बसवत नाही. रुपया दगडावर आपटतो, कानाशी धरतो, कडा बघतो, मग गिऱ्हाईकाचं तोंड बघतो. लढाई लागल्यापासून खोटे रुपये फार. तोंडंही.

शनिवार, २०

त्याच्या पानदानाला नवी कल्हई!

सोमवार, २२. घट बसले

हरणाबाई — माझी लग्नाची बायको — देवळाच्या दाराशी कवड्यांच्या माळा विकते. यात्रेकरू तिला कलदार देतात. घरात सराफ असताना ती ते मोडते कुठं? समोर! या डोळ्यांनी बघितलं.

जेवताना विचारलं.

"तुमी माझाबी रुपया दगडावर आपटता," म्हणाली.

"खोटा निघाला तर?"

"लगीन होऊन केस पिकले. अजून आपटून बघायचं ऱ्हायलंय का?"

मी म्हणालो, धंदा म्हणजे धंदा. तर म्हणते, "मलाबी शिकवा म्हनलं होतं, तवा काय बोललात?"

काय बोललो ते आठवतंय. सोलापूरच्या साप्ताहिकातल्या माझ्या विनोदी लेखात छापूनच आलं होतं — 'सराफाची सराफीण'. लोक लोटपोट हसले होते. पाच रुपये मिळाले, तेही कलदार!

बुधवार, २४

माळा संपल्या की आता तिथंच बसते. हसते. काय विनोद करतो हा म्हातारा? मुलूखभर लोक माझं वाचून हसतात. माझ्या घरात पाशामियाँचं चालतं!

शुक्रवार, २६

कळलं! दुपारभर पाळत ठेवली. गिऱ्हाईक रुपया देतं, पाशामियाँ तो हळूच हरणाकडं सरकवतो. ती आपटते, कानाशी धरते, कडा बघते. मान हलवत नाही, त्याला दिसली नसती — "चांगला," म्हणते. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. गिऱ्हाईकाला "बस" म्हणतो ते मायेनं नव्हे, तेवढ्या वेळात हिनं नाणं पारखावं म्हणून!

आणि आपटायची पद्धत माझी! मनगट अगदी तसंच वळवते. मी शिकवली नाही. बघून उचलली, आणि नेऊन दिली त्याला.

रविवार, २८

बोललो. भर गर्दीत, उभं राहून.

"आंधळ्याकडं रुपये मोडता? पत्र्याची चकती दिली तरी कळायची न्हाय त्याला. तुमच्या हातात काय पडतंय ते भवानीलाच ठाऊक!"

लोक हसले. रांग मोडली नि माझ्याकडं वळली. पाशामियाँ पानदानाचं झाकण चाचपडत होता. तेही मी रांगेला बोट करून दाखवलं. आणखी हसले.

हरणानं झाकण त्याच्या हातात दिलं, माळांची टोपली उचलली आणि माझ्यासमोरून गेली.

मंगळवार, ३०. दसरा

असा धंदा आयुष्यात झाला नाही. थैली बांधवत नव्हती. समोरचा पाट मोकळा. दिवसभर नजर तिकडंच. दोनदा मोड देताना चुकलो, दोन्ही वेळा माझंच गेलं.

हरणानं सगळ्या आळीला सोनं वाटलं. पाशामियाँच्या घरीही जाऊन आली. माझं आपट्याचं पान देव्हाऱ्यापाशी ठेवलं नि म्हणाली, "घ्या. वाजवून घ्या."

गुरुवार, २ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, ५. पौर्णिमा

समोर पाट मांडलाय. पाशामियाँ मागं भिंतीला टेकून पान चघळतोय. पाटावर हरणा! "बस, आई. एक रुपया, दोन आणे, सहा पै." माझी रांग एकेक करून तिकडं सरकली. शेवटच्यानं जाता जाता विचारलं, "अप्पा, ती बाई खात्रीची हाय का?"

"हाय," म्हणालो.