नळ बंद करूनच कुलूप लावा

पुणे

नंदिनीच्या बाबांना राजाबाईचा नमस्कार.

नंदिनी आन् तिची तान्ही, दोघी खुशाल हायत. काळजी नसावी.

बारशाला निघताना मात्र नळ बंद करा. फोनवर नुसतं व्हय व्हय म्हणता, म्हणून लिवून धाडते. पाणी आल्यालं कळावं म्हणून आपण कोरडा नळ उघडा ठेवतो, खाली घागर. पण घराला कुलूप घातल्यावर घागर वाजलेली ऐकणार कोण? सगळं पाणी घरात शिरंल की! ज्वारीची पोती फळीवर चढवा.

शेरडं कुणाकडं सोपवली? गुडघा कसा हाय?

हितं नळाला रोज पाणी हाय. तरी झोपेत घागर वाजल्यागत होतं आन् मी उठून बसते. मग ध्यानात येतं, घागर तिकडं हाय, तुमच्यापाशी.

वाट बघणारी,
राजाबाई